न चाखलेली फळी

"आधी जिभेला लाव, बाय. मग सांग मला, करवत लावू की नको."

शहरबानूचे बाबा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण लाकडाची नवी फळी समोर आली की हा आवाज तिच्या कानात हटकून यायचा. दाभोळच्या खाडीकाठी ते होड्या बांधत. तिथली रीत अशी, की ओंडके खाडीच्या चिखलात दोन-दोन पावसाळे पुरून ठेवायचे, म्हणजे कीड लागत नाही. असलं खारवलेलं लाकूड होडीच्या तळाला उत्तम. पण दार, पेटी, कपाट, जिथं लोखंडाचा खिळा आणि बिजागरी बसायची, तिथं ते चालत नाही. मीठ आतल्या आत लोखंड खातं, आणि दमट हवेत लाकूड घाम सोडतं, फुगतं. खारी आणि गोडी फळी शेजारी शेजारी वाळत पडली, तर बघून सांगता येत नसे. बाबांची जीभ तंबाखूनं मेलेली. म्हणून आठ वर्षांची शहरबानू फळीच्या टोकाची ढलपी जिभेवर धरायची, थुंकायची, आणि सांगायची, "गोडी हाय, बाबा."

आता ती चाळिशीला आली होती, आणि खाडी फार लांब राहिली होती. कुवेतमध्ये शुवैखला गॅरेजांच्या रांगेमागे तिच्या नवऱ्याचं, मुस्तफाचं, सुतारकामाचं दुकान होतं, दुकानामागे अंगण, आणि अंगणाला लागून दोन खोल्या. एकीत हे दोघं. दुसरीत अशरफ आणि त्याची बायको लैला, मुरुडकडची. अशरफ लेथवर काम करायचा. बंदुकीचं काम आलं की लोखंड अशरफचं आणि लाकूड मुस्तफाचं, अशी वाटणी होती.

मुस्तफाची जीभही तंबाखूनं गेलेली. त्यामुळे फळी चाखायचं काम शहरबानूकडेच राहिलं, आणि मुस्तफा ते गिऱ्हाइकाला मोठ्या तोऱ्यात सांगायचा. "माझ्या दुकानातलं लाकूड घरातून पास होऊन येतं." गिऱ्हाइकं हसायची, पण येताना त्याच्याकडेच यायची.

त्या वर्षी, म्हणजे एकोणसाठ साली, रमजान ईद झाल्यावर पंधरा दिवसांनी यूसुफ आला. हा यूसुफ त्यांचा कफील. दुकानाचा परवाना त्याच्या नावावर, दोन्ही घरांचे राहायचे कागद त्याच्या सहीवर. त्याचे वडील जहाजाचे नोखदा, म्हणजे कप्तान होते, आणि पोरवयात त्यांच्याबरोबर मुंबईच्या खेपा करून तो हिंदुस्तानी आणि मराठीही शिकला होता. नेमबाजीचं त्याला भारी वेड. तेल कंपनीच्या इंग्रजांबरोबर हजार वारांवरून निशाणी मारायची स्पर्धा ठरली होती, आणि इंग्रजांच्या रायफली विलायतेहून बनून आलेल्या.

"मुझे यहीं की बनी हुई चाहिए," तो म्हणाला. "नळी मागवलीय. बाकी तुम्ही करा. जीत गया तो सबको बोलूंगा, शुवैख का माल है."

दस्त्यासाठी, म्हणजे नळी बसते त्या लाकडी अंगासाठी, फळी त्यानं स्वतः आणली होती. इराणी अक्रोडाची, काळसर रेघांची, मुस्तफानं हात फिरवला तर हात काढवेना. "बुशहरच्या लाँचमधून उचलली," यूसुफ म्हणाला. "तळाशी पडली होती, त्यांना किंमतच नाही. आजच कापायला घ्या."

मुस्तफानं टोकाची ढलपी काढली आणि मधल्या दाराशी येऊन पडद्याआडून आत दिली.

शहरबानूचा त्या दिवशी रोजा होता. रमजाननंतरचे सहा रोजे ती दरवर्षी करायची. शिवाय सोमवार-गुरुवारचा रोजा, पहाटेच्या फजरच्या नमाजनंतर यासीनचं पठण, आणि दिवसभर कुणाला टाकून बोलायचं नाही, हे तिचे नियम लग्नाआधीपासूनचे. ढलपी तिनं हातात घेतली आणि थबकली. जिभेला लावून थुंकलं तर चालतं, गरजेला सूट आहे, हे तिला माहीत होतं. पण तिला कधी सूट घ्यायला आवडायचं नाही. मगरिबपर्यंत, सूर्य बुडेपर्यंत, थांबा म्हणावं, तर बाहेर यूसुफ उभा. थांबा म्हटलं की मुस्तफा विचारणार का, मग म्हणणार, लाव आणि थुंक, एवढं काय त्यात. आणि मग ते बोलणं वाढणार.

अक्रोड डोंगरातला. डोंगरात कुठली आलीय खाडी?

"चाखलंस काय गो?" पडद्याबाहेरून मुस्तफानं विचारलं.

"होय," ती म्हणाली. "गोडी हाय."

करवतीचा आवाज सुरू झाला. शहरबानूनं ती ढलपी चुलीत टाकली. संध्याकाळी खजूर तोंडात घालताना तिला आठवलं, की आपण रोज्यात खोटं बोललो. तिनं तौबा केली. एका शब्दानं कुणाचं काय बिघडलंय, असंही मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या गोष्टीवर काम चढत गेलं.

काम तीन आठवडे चाललं. मुस्तफा दिव्याची काजळी नळीला लावायचा, नळी लाकडाच्या खोबणीत ठेवायचा, उचलायचा, आणि जिथं काळा डाग उमटेल तिथून केसभर लाकूड खरवडायचा. दिवसातून पन्नास वेळा. एवढ्या लांबच्या नेमाला नळीचं पुढलं अंग लाकडाला कुठेच टेकता कामा नये. टेकलं, तर गोळी जाताना नळी जी थरथरते ती एका बाजूला अडते, आणि हजार वारांवर त्या केसाएवढ्या अडण्याचे चार हात होतात. म्हणून शेवटी कागदाचा कपटा नळीखाली सरकवून बघायचा. टोकापासून मुळापर्यंत कपटा अडखळल्याशिवाय गेला, की बसवणी खरी.

अशरफ दुकानात येऊन नळीच्या मुळाचे आटे पुन्हा पुन्हा मापायचा. लैला अंगणातून ओरडायची, "माझ्याकडे एवढं निरखून बघितलं असतंत तर बरं झालं असतं."

"तुझे आटे घट्टच हायत," अशरफ आतून म्हणायचा, आणि मुस्तफा करवतीवर वाकून हसायचा.

बाहेरून तेल लावायचं काम शहरबानूचं. तळहातावर चार थेंब जवसाचं तेल घ्यायचं, हात तापेपर्यंत लाकडावर घासायचं, दिवसभर वाळू द्यायचं, पुन्हा लावायचं. तेरा हात दिले तिनं. अक्रोडाच्या रेघा पाण्याखालच्या वाटाव्या तशा वर आल्या.

पहिल्या चाचणीला कोरडा उत्तरेचा वारा होता. यूसुफ वाळवंटातून परत आला तो निशाणीचा फळा घेऊनच. दहा गोळ्या एका भाकरीएवढ्या जागेत बसल्या होत्या. त्यानं मुस्तफाला मिठी मारली, अशरफला मारली, आणि रायफल बनेद अल-गारच्या आपल्या घरी, समुद्रासमोरच्या खोलीत, भिंतीवर लावून ठेवली.

मग वारा फिरला. दक्षिणेकडून ओला कोंदट वारा सुटला. भांडी पुसून ठेवली तरी ओली राहायची, अंथरुणं चिकट. पाच दिवस तो तसाच राहिला.

सोमवारी सकाळी यूसुफची गाडी दुकानासमोर थांबली. तो रायफल काखेत धरून आत आला, बाकड्यावर ठेवली, आणि सलामाला उत्तर दिलं नाही. शहरबानू पडद्यामागे तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"काल दहा मारल्या," यूसुफ म्हणाला. आवाज शांत होता. "तीन फळ्याला लागल्या. सात कुठे गेल्या ते वाळूला माहीत. इंग्रज दुर्बिणीतून बघत होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं."

मुस्तफानं कागदाचा कपटा काढला आणि नळीखाली सरकवला. वीतभर गेला आणि डाव्या बाजूला अडला. त्यानं पुन्हा सरकवला. तिथंच अडला.

"नळी टेकलीय," तो हळू म्हणाला.

"म्हणजे एक तर नळी वाकडी बसली, नाही तर लाकूड हललं," यूसुफ म्हणाला. "कोणतं?"

मग मुस्तफा बोलला, आणि त्याला जे खरं वाटत होतं तेच बोलला. "लाकूड हलायचं नाय, शेठ. फळी पक्की होती. घरातून चाखून घेतलेली."

शहरबानूच्या मांडीवरचं सूप कलंडलं.

"माझी नळी सरळ हाय," अशरफ म्हणाला. "मी तीनदा मापली. मुस्तफाभाय, तुमच्यासमोर मापली."

"तेव्हा सरळ होती," यूसुफ म्हणाला. "आटे ढिले राहिले असतील. दहा गोळ्यांचे धक्के बसले, फिरली. मी आंधळा नाही, अशरफ. मुस्तफाच्या लाकडाला वीस वर्षं लोक ओळखतात. तुला इथं येऊन दोन वर्षं झाली." तो दाराकडे वळला. "गुरुवारी मुंबईची बोट आहे. तुझे कागद मी रद्द करतो. स्पर्धा मी सोडून दिली, तुझ्यापायी तेवढं नुकसान पुरे."

गाडी गेली. अशरफ बाकड्याशी गेला. मग स्क्रू काढून त्यानं नळी लाकडापासून सोडवली आणि उलटी करून बघितली. नळीच्या पोटाखाली, जिथं ती लाकडावरून जात होती, एक तांबडी बारीक रेघ गंजली होती.

"तेल नीट पुसलं नाहीस खालून," मुस्तफा म्हणाला. दोष द्यायचा म्हणून नाही, कारण सापडलं म्हणून.

"पुसलं होतं," अशरफ म्हणाला, आणि हात धुवायलाही न थांबता अंगणातून आपल्या खोलीकडे निघून गेला. मुस्तफा त्याच्या मागे गेला, समजूत घालायला.

दुकान रिकामं झालं तेव्हा शहरबानू पडदा सारून बाहेर आली. दस्ता बाकड्यावर आडवा पडला होता. तिनं खोबणीत बोट फिरवलं. बोट ओलं झालं. बाकडं कोरडं, शेजारची सागाची फळी कोरडी, आणि ही खोबण मात्र तापल्या माणसाच्या कपाळासारखी दमट. तिनं मुस्तफाची छोटी पटाशी उचलली, खोबणीच्या तळातून नखाएवढी ढलपी काढली.

सोमवार होता. तिचा रोजा होता.

तिनं ढलपी जिभेवर ठेवली.

खारट. खाडीच्या कडेला नाही, बुडाशी असतो तसला, जुना, मुरलेला खारटपणा. लाँचच्या तळाशी पडली होती, यूसुफ म्हणाला होता. साठलेल्या समुद्राच्या पाण्यात किती महिने, कोण जाणे. तिनं ढलपी काढून हातात धरली, थुंकली, पदरानं जीभ पुसली, आणि मागे वळली तर लैला अंगणाच्या दारात उभी.

"बुबू, तुमचा रोजा ना आज?"

"हाय."

"मग तोंडात काय घातलंत?"

लैला आत आली. नेहमी तिच्या चेहऱ्यावर एखादं वाकडं वाक्य तयार असायचं, आज नव्हतं. डोळे सुजलेले. "ते काय बोलत नाहीत," ती म्हणाली. "नुसते पेटीकडे बघतात. मी म्हटलं, मुरुडला जाऊन तुमचे आटे मापीन मी. तरी हसले नाहीत. बुबू, बोटीवरून उतरल्यावर घरी काय सांगायचं? तिथं सगळे म्हणणार, कामात चूक केली म्हणून हाकलला. पुढे कोण ठेवणार त्यांना लेथवर?"

"चूक त्याची नाय," शहरबानू म्हणाली.

"ते मला पण माहीत हाय. पण तुम्ही-आम्ही बोलून काय?"

"तुला माहीत नाय, लैला. मला माहीत हाय." तिनं लैलाचा हात धरला. तिचा आवाज मुळातच बारीक, आता आणखी बारीक झाला. "गुरुवारी तो बोटीवर चढणार नाय. हा माझा शब्द. आज सूर्य बुडायच्या आत यूसुफला खरं काय ते कळेल."

लैलानं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या ढलपीकडे.

तिसऱ्या प्रहरी असरची नमाज पढून मुस्तफा परत आला. शहरबानूनं त्याला पाणी दिलं, तो बसेपर्यंत थांबली, आणि सांगितलं. आडवळण न घेता, जसं घडलं तसं. फळी त्या दिवशी चाखलीच नव्हती. रोजा होता. आज चाखली. खारी आहे.

मुस्तफानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी विचारलं होतं तुला."

"होय."

"तू हो म्हणालीस."

"होय."

"तेव्हाच नाय म्हणाली असतीस," तो म्हणाला, "तर मी मगरिबपर्यंत थांबलो असतो. यूसुफला बाहेर चहा पाजला असता. एवढंच होतं."

त्यानं आवाज चढवला असता तर तिला सोपं गेलं असतं. वीस वर्षांत त्यानं तो चढवला नव्हता, आणि आजही चढवला नाही. तो उठला, दस्त्याच्या खोबणीत बोट घातलं, काढलं, अंगठ्यावर चोळलं.

"फळी यूसुफनं आणली," तो म्हणाला. "त्याची पण चूक हाय."

"त्यानं आणली. पण चाखली म्हणून तुम्ही सांगितलंत. आणि तुम्हाला मी."

"मग काय करायचं म्हणतेस? जाऊन सांगायचं? उद्यापासून दुकानात कोण येईल, विचार केलास? घरातून पास होऊन येतं, म्हणत आलो मी वीस वर्षं." तो थांबला. "यूसुफनं आपले कागद पण रद्द केले तर?"

"तर आपण जाऊ बोटीवर."

"आपण तिथं काय करणार आता? होड्या बांधणार?"

"नाय माहीत."

"अशरफ जवान हाय," मुस्तफा म्हणाला. पण हे म्हणताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "त्याला कुठेही काम मिळेल. बसऱ्याला, बहरैनला. मी चिठ्ठी देईन."

"काय लिहाल चिठ्ठीत?"

भिंतीपलीकडे लैलाच्या खोलीत पेटी ओढल्याचा आवाज आला. मग थांबला. मग पुन्हा आला. दोघंही तो ऐकत राहिली.

"मला नाय जमणार," शेवटी तो म्हणाला. "त्याच्यासमोर उभं राहून, माझ्या बायकोनं खोटं सांगितलं, हे माझ्या तोंडून नाय निघणार. मारून टाकलंस तरी."

"तुम्ही नका येऊ. माझं बोलणं हाय, मीच बोलेन."

"तू एकटी? बनेद अल-गारला? तुला टॅक्सीवाल्याला सांगता तरी येईल काय?"

"त्याच्या वडिलांच्या घराचं नाव सांगेन. सगळे ओळखतात त्याला." ती क्षणभर थांबली. "लैलाला शब्द दिलाय मी. सूर्य बुडायच्या आत."

मुस्तफा बाकड्याकडे वळला, रंधा हातात घेतला, आणि तसाच धरून उभा राहिला, समोर रंधायला काही नसताना.

शहरबानूनं दस्ता जुन्या पांढऱ्या चादरीत गुंडाळला. खोबणीचा भाग वरच्या बाजूला ठेवला, म्हणजे उघडताच दिसेल. खोबणीतून आणखी एक ढलपी काढून कागदाच्या पुडीत बांधली. यूसुफला स्वतःला चाखून बघायची असेल तर असावी. रुमालात दोन खजूर घेतले, रोजा कुठे सोडावा लागेल कोण जाणे. बुरखा घातला, चपला घातल्या. चादरीतलं ओझं तिनं झोपलेलं मूल घ्यावं तसं खांद्याला लावलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते जड होतं.

दुकानाच्या दाराशी ती थांबली. मुस्तफा पाठमोरा होता.

"येते," ती म्हणाली.

"स्टँडवर हिरव्या गाडीत बसू नको," तो वळून न बघता म्हणाला. "तो दसमानकडून वळसा घेतो. वेळ जाईल."

"बरं."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं, आणि तो ओला वारा अजून थांबला नव्हता. गॅरेजातले पठाण हात पुसत तिच्याकडे बघायला लागले. ही बाई इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकटी रस्त्यावर दिसत होती. तिनं नजर खाली ठेवली. स्टँडवर दोन गाड्या उभ्या होत्या. हिरवी भरत आली होती, ड्रायव्हर तिला हातानं बोलावत होता. ती त्या गाडीच्या पुढून गेली, मागच्या रिकाम्या गाडीशी उभी राहिली, आणि यूसुफच्या वडिलांचं नाव सांगितलं.